मामाजी रोगी व्हायचे

वेलांट्या चुकतील, अक्षरही किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझे सासरे, मामाजी, जाऊन महिना उलटला, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही... म्हणून लिहिते.

माझी नणंद लता नर्सिंग शिकलेली. आखातातल्या नोकरीसाठी तिला परवान्याची परीक्षा द्यायची होती. तिच्या पुस्तकात सगळे रोग्यांचेच प्रश्न. अमक्याला धाप लागली, तमकीचं रक्त थांबत नाही, आधी काय कराल? खाली चार उत्तरं. लता म्हणायची, कधीकधी चारही बरोबर असतात, त्यातलं पहिलं कोणतं ते ओळखायचं. मला याचं फार नवल वाटायचं. संध्याकाळी भात चुलीवर ठेवला की मी दाराआड बसून ऐकायची.

मामाजी तरुणपणी गावच्या दंडारीच्या नाटकात सोंगं घ्यायचे. लताचा रोगी तेच. तिनं प्रश्न सांगितला की खाटेवर पडून पाय झाडायचे, ओरडायचे, डोळे फिरवायचे. बाळंतिणीचा प्रश्न आला की दुपट्टा डोक्यावरून घ्यायचे.

"बाबा, धाप लागलेला माणूस इतका बोलत नाई जी!"

"मंग लोकायले कसं समजंल, याले धाप लागली म्हणून?"

उत्तर आलं की प्रश्न संपायचा. त्या माणसाचं पुढं काय झालं, ते पुस्तक कधी सांगायचं नाही. मी लताला हळूच विचारायची, तो वाचला काय गं? एकदा मामाजींनी ते ऐकलं. तेव्हापासून उत्तर झालं की उठून बसायचे. "वाचला, सूनबाई. आता सालेकशाच्या बाजारात फिरून राहिला." त्यांनी एकही रोगी मरू दिला नाही.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलंही नव्हतं. मामाजी छातीला हात लावून खाटेवर गप्प बसले होते. लता हसली, "आज प्रश्नाआधीच सुरू झाले काय?" आणि भाजीची टोपली आत ठेवायला गेली. परत आली, त्यांचा हात धरला, तेव्हा तो घामानं ओला होता... गाडी लगेच मिळाली, दवाखानाही गाठला. सकाळ मात्र त्यांनी पाहिली नाही.

तेरवीनंतर लतानं पुस्तक बांधून माळ्यावर टाकलं. परीक्षा जवळ आलेली. तिचे भाऊ, म्हणजे आमचे हे, समजावून थकले.

"घरचा रोगी मले ओळखता आला नाई, वहिनी. मी कायले परीक्षा देऊ?"

 माझ्या मनात येत राहिलं... सोंगातला रोगी ओरडतो, खरा गप्प राहतो. मग गप्प माणसाला नर्स ओळखते कशी? पुस्तकात हे असेल काय?

काल संध्याकाळी मी ते पुस्तक काढून तिच्यापुढं ठेवलं आणि खाटेवर आडवी झाले. मामाजींसारखं ओरडणं मला जमण्यातलं नाही. छातीवर हात ठेवून नुसती पडून राहिले. लता जवळ आली. मग खाट करकरली. माझ्या मनगटावर तिची बोटं आली.

"कधीपासून दुखून राहिलं, बाई?" तिनं विचारलं.