आल्गॉयचं चीज आणि आईचं नाक

दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयला जायचं ठरलं ते माझ्या कामासाठी. मी म्युनिकला चीजमधल्या जीवाणूंवर पीएचडी करत होते आणि मला डोंगरातल्या एका डेअरीतून नमुने आणायचे होते. तेव्हा आई साताऱ्याहून माझ्याकडे आली होती. आदल्या वर्षीच्या तापानंतर तिला कसलाच वास येत नव्हता. दूध करपलं तरी कळायचं नाही, म्हणून तिने स्वयंपाकच सोडला होता. नुसती खिडकीत बसून असायची. म्हटलं, चल.

जाणार असाल तर बायर्न-टिकिट, म्हणजे राज्यभर चालणारं दिवसाचं रेल्वे तिकीट, काढा, एकातच सगळ्यांचं भागतं; मात्र कामाच्या दिवशी नऊनंतर निघायचं. केम्प्टन स्टेशननंतर डोंगर जवळ येतात. कुरणांवरून धुकं इतकं सावकाश सरकत होतं, की आपली गाडी थांबलीय आणि गावंच चाललीत असं वाटावं. पुढे बस, मग पायी चढण. वर दुकान नाही, खायला सोबत न्या. माझ्या कॅमेऱ्याचे सेल संपले, म्हणून फोटो नाहीत. गाईंच्या घंटा मात्र अजून कानात आहेत.

डेअरीचे म्हातारे मालक, हेर (म्हणजे श्रीयुत) मोझर, आम्हाला तळघरात घेऊन गेले. गार, ओलसर अंधार आणि फळ्यांवर चीजची पिवळी चाकं.

"आपल्या विरजणातल्या जीवाणूंचेच भाऊबंद यात असतात," मी आईला सांगत होते. "चीज मुरताना प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटतात. त्यातल्या मेथिओनिनमध्ये गंधक असतं. हे जीवाणू ते फोडतात आणि त्यातून वासाचा वायू सुटतो."

"कसला वास?"

मी उत्तर देण्याआधीच मोझरांनी जुन्या चाकाचा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. आईने तो नाकाशी नेला. पुन्हा एकदा हुंगला.

"कोबी," ती म्हणाली. "कुठेतरी कोबी उकडतोय."

प्रयोगशाळेत आम्ही त्या वायूचा वास अगदी असाच सांगतो.

"काय म्हणतायत?" मोझरांनी विचारलं. मी सांगितलं.

"गेनाऊ!" अगदी बरोबर, म्हणत त्यांनी आणखी एक तुकडा कापला. आई रडत रडत खात होती.

परतीच्या गाडीत तिने संत्र्याची साल हुंगली. काही नाही. कोबी, लसूण, हिंग यांच्यातले गंधकाचे वास अगदी कणभर असले तरी जाणवतात, बाकीचे येतील की नाही सांगता येत नाही, असं मी म्हटलं. "एक तर आला," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

आज ती साताऱ्यात आहे. मोगऱ्याचा वास अजूनही येत नाही. पण मला राहून राहून आठवते ती प्रवासानंतरची सकाळ. फोडणीच्या आवाजाने मला जाग आली. आई कढईवर वाकून, डोळे मिटून उभी होती.

"हिंग जास्त पडला गं," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिने स्वतःच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली होती.