एकशे पंचाहत्तर टक्के

या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. उगवलं नाही तर बियाणं खराब, नाहीतर पाणी कमी... तिसरं कारण माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण यातली एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही.

टेंभुर्णीला, जाफराबाद रोडवर आमचा गाळा आहे – माझा आणि दादाचा, निम्मा-निम्मा. मागच्या वर्षी दादा हार्ट अटॅकने गेला आणि त्याचा हिस्सा वहिनींकडे आला. त्या रोज सकाळी दुसऱ्या किल्लीने शटर उघडायच्या, झाडून घ्यायच्या, दादाच्या फोटोपुढे दिवा लावायच्या आणि घरी जायच्या. मग मी यायचो.

उन्हाळ्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर बसला. जाफराबादला रिपेअरिंग करणाऱ्या शकीलने, माझ्या मित्राने, पत्त्याच्या कॅटाएवढा एक सिंगल बोर्ड कॉम्प्युटर दिला – मॉनिटरच्या मागे चिकटवला की झालं. मेमरी कार्ड कोरं, त्यात हलकीशी सिस्टिम. ब्राउझर नव्हता. तो मी एका संध्याकाळी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करून टाकला आणि उघडून न बघताच घरी गेलो.

सकाळी उघडला तर अक्षरं ही एवढी मोठी. सेटिंगमध्ये पाहिलं – झूम १७५ टक्के.

नव्या ब्राउझरला तो शंभर असतो. १७५ दादाचं होतं. त्याची नजर कमजोर आणि चष्म्याचा कंटाळा. जुन्या कॉम्प्युटरवर तो तेवढंच ठेवायचा, मी चिडून कमी करायचो. सगळ्या गावाला वाचून दाखवायचंय का, असं म्हणायचो.

मी शंभर केलं. दिवसभर टिकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा १७५. तिसऱ्या सकाळीही.

माझा संशय सरळ वहिनींवर गेला. आधी वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून करत असतील. मग वाटलं – मी काय बघतो ते तपासत तर नाहीत? हा दुसरा विचार काही केल्या जाईना. एक दिवस कुलूप बदलायचंय असं खोटंच सांगून त्यांच्याकडची किल्ली मागून घेतली.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "पण दिवा कोण लावंल?"

मी लावेन म्हणालो. लावला नाही.

त्या रात्री निघताना बोर्डाच्या प्लगवर चिकटपट्टी लावून गेलो. सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी. ती काढून चालू केलं... १७५.

बोर्ड उचलून शकीलकडे नेला. त्याने दुसरं कार्ड घेतलं, सगळं नव्याने टाकलं, ब्राउझरही स्वतःच्या हाताने टाकला आणि माझ्यासमोर उघडला. १७५.

शकीलने कार्ड काढून उलटसुलट करून पाहिलं. "कार्ड बिलकुल कोरं होतं यार," म्हणाला, "बोर्डात गडबड न्हाई. मंग तूच काही गडबड करून राह्यला का?"

तो मस्करी करत होता. मी बोर्ड पिशवीत घालून निघालो.

आता ती न सांगितलेली गोष्ट सांगतो. मी गाळा विकायला काढला होता. अख्खा, वहिनींना न विचारता. एका साईटवर जाहिरात टाकली होती, एका गिऱ्हाइकाशी बोलणंही चालू होतं. वहिनींची सही नंतर काहीतरी सांगून घेऊ, असं मनात होतं. ब्राउझरची घाई त्यासाठीच होती. आणि त्यांची किल्ली खुपत होती तीही त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी झूम शंभरवर आणून तीच जाहिरात बघत बसलो होतो. लाईट गेली. तेवढ्यात एका शेतकऱ्याला खत हवं होतं म्हणून मी मागे पोतं काढायला गेलो. लाईट आली तसं पुढे येऊन ब्राउझर उघडायला टाकला आणि पुन्हा मागे पोत्याकडे गेलो. पोतं घेऊन बाहेर आलो, तर काउंटरपाशी वहिनी डबा घेऊन उभ्या. ब्राउझरने आधीचं पान परत आणलं होतं. पूर्ण स्क्रीनभर – 'टेंभुर्णी, गाळा विकणे आहे. मालक एकच.'

"भावजी, अक्षरं लय मोठी केली की तुम्ही," त्या म्हणाल्या.

आपोआप होतात, मी म्हणालो.

"ह्यांना बी एवढीच लागायची." डबा ठेवला आणि निघाल्या. वाचायला त्यांना चष्मा लागतो; तो त्यांनी लावला नव्हता.

डबा उघडायच्या आधी मी जाहिरात काढली, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि कमरेला खोचली.

सकाळी फोटोपुढे दिवा होता. ब्राउझर उघडला – शंभर टक्के. तेव्हापासून रोज शंभरच.

शकील म्हणतो, सॉफ्टवेअरमध्ये असं होतं कधीकधी. होत असेल. किल्ली का घेतली होती, हे वहिनींनी मला विचारलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी किती वाचलं, हे मीही त्यांना विचारलेलं नाही. आणि १७५ कुठून यायचं, हे ज्याला विचारावं तो फोटोत आहे.

दुकानात आलो की मी अजूनही आधी झूम बघतो. मग फोटोकडे.