पाचही प्लॉटना सारखी भीती

भातावर प्रयोग करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. आमच्या धसईजवळच्या शेतावरचे किस्से सांगताना मात्र माझी नजर अजून आधी दाराकडे जाते.

काम तसं साधं. पाच वाणांपैकी कोणता जास्त पिकतो, ते बघायचं. पण वरची जमीन कोरडी, ओढ्याकाठची ओली. म्हणून आमच्या मॅडमनी उतारावर चार ब्लॉक आखले आणि प्रत्येकात पाचही वाण एकेका प्लॉटमध्ये लावले. जे पाचांनाही सारखं भोवतं, ते ब्लॉकच्या नावावर टाकायचं. अनोव्हा नावाचं संख्याशास्त्रातलं गणित ते बाजूला काढतं आणि वाणांचा फरक उरतो. मॅडम हे इतक्यांदा सांगायच्या, की मजूर बायकांनाही पाठ झालं होतं.

*

लावणीच्या वेळी खालच्या ब्लॉकच्या बांधातून घोणस निघाली. बायका पळाल्या. मी तर त्यांच्याही पुढे! नंतर सगळ्यांनी जीव मुठीत धरून कशीबशी रोपं खोचली. आता याचं काय करायचं, असं मी मॅडमना विचारलं.

"पाचही प्लॉटमध्ये सारखेच घाबरलात ना? मग टाका ब्लॉकच्या नावावर."

*

कापणीचा नियम असा, की एका ब्लॉकचे पाचही प्लॉट एकाच बाईने कापायचे. कुणाचा हात चपळ, कुणाचा सावकाश. तो फरकही ब्लॉकच्या नावावर. पण सगळ्यात वरचा ब्लॉक जंगलाला लागून, आणि बिबट्याने नुकतीच शेजारच्या पाड्यातली शेळी उचललेली. तिथे एकटीने कोण वाकणार? शेवटी सोमी तयार झाली. बाकीच्यांनी बांधावर बसून थाळ्या वाजवायच्या, असं ठरलं. मॅडमनी त्यातही बजावलं, की वाजवायच्या तर पाचही प्लॉटना सारख्याच. बायका हसल्या, पण जंगलाकडे पाठ करून एकही बसली नाही.

*

चार प्लॉट झाले. पाचवा अर्धा झाला आणि थाळ्या एकदम थांबल्या. सोमीच्या समोर, उभ्या भातात आधी कान दिसले, मग डोळे. कधी मूठभर भात मागे राहू न देणाऱ्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सोमी, भात राहू दे गो. पाठ फिरवू नको. तशीच मागे ये."

सोमी विळा समोर धरून एकेक पाऊल मागे आली. बांधाला टेकली तशी मॅडमनी तिला दंडाला धरून वर ओढलं, आणि मग हात सोडलाच नाही. भातावरची नजर न काढता सोमीने विचारलं,

"मॅडम, यो तं एकट्या पाचव्यातच बसलाय. याला कोनाच्या नावावर टाकायचा?"