गवसणीतला तंबोरा

कूलरचा वाळा भिजला, की मला एकोडीच्या शाळेतलं उन्हाळी गायन शिबिर आठवतं. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. भर दुपारी बाई आम्हा मुलींना एकेक करून षड्ज लावायला सांगत. त्या दिवशी माझा सूर थांबला, तरी कोपऱ्यातला, गवसणी घातलेला तंबोरा गुणगुणतच राहिला.

"घाबरू नका," बाई हसल्या. "सूर नेमका लागला, की दुसऱ्या तंबोऱ्याच्या ताराही आपोआप बोलतात."

गावातली सुमन हळूच म्हणाली, "पन बाई, त्याच्या तारा तं सकारी तुमीनंच काढल्या ना जी?"

बाईंचं हसू विरलं. त्यांनी गवसणी उघडली नाही. "सुमन, आता तुझा सा," एवढंच म्हणाल्या. सुमन त्या कोपऱ्यापासून सरकून माझ्यामागे येऊन बसली.

आता मीही मुलींना तेच शास्त्र सांगते. पण आधी गवसणी काढून तारा मोजून घेते.