शेततळ्याला दोर बांधा

पंधरा ऑगस्टला शाळेत मला बोलावतात. पोरं हटकून विचारतात, "सुभेदार साहेब, तुमच्या जोडीचं कोण शहीद झालं?" मी सांगतो, नाईक साहेबराव. "कुठल्या बॉर्डरवर?" नांदगाव तालुक्यातल्या शेततळ्यात. मग मास्तर घसा खाकरतात आणि "पुढचा प्रश्न घ्या" म्हणतात. मी घेत नाही. आधी हे ऐकायचं, मग पुढचा.

मी दत्तू, घोटीकडचा. आमच्याकडे पोराला चालता यायला लागलं की पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलतात. साहेबरावाच्या गावाला मात्र पाणी टँकरने यायचं. गुडघ्याच्या वर पाणी त्याने पाहिलं ते थेट फौजेत. आमची इंजिनिअर रेजिमेंट. नदीवर पूल टाकायचा, बोटी चालवायच्या, पुरात माणसं काढायची. पोहता येत नाही त्याचं तिथे काही काम नाही. पहिले तीन आठवडे गडी नुसता पाणी प्यायला.

उस्ताद, म्हणजे आमचा इन्स्ट्रक्टर, एकदा ओरडला, "पानी से डरता है?"

"डरता हूँ, उस्ताद. मगर छोडेगा नहीं."

उस्तादाने त्याला माझा बडी केला. बडी म्हणजे जोडीदार. पाण्यात त्याचा जीव माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. वर्ष सरायच्या आत हा टँकरच्या गावचा माणूस बूट आणि पाठपिशवीसकट माझ्यापुढे पोहायला लागला. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

रोजचं असं होतं. ०५०० ला फॉल-इन. पीटी. ०७३० ला लंगरमध्ये पुरी-भाजी, अंडी, चहा. ०९३० ला पाणी. पाण्यात उतरण्याआधी उस्ताद प्रत्येक जोडीला विचारायचा. उत्तर स्वतःचं द्यायचं नाही, बडीचं द्यायचं.

"खाना?"

"खाया, उस्ताद."

"नींद?"

"पूरी."

"बडी?"

"फिट, उस्ताद."

नवरात्रात पलटणीतले निम्मे उपवास धरायचे. लंगरमधून त्यांना दूध, केळी, उकडलेले बटाटे मिळायचे, पण पाण्यात प्रवेश बंद. नऊ दिवस काठावर उभं राहून दोर सांभाळायचा. "देवी अपनी जगह, पानी अपनी जगह," उस्ताद म्हणायचा. पाणी अंगातली ऊब ओढून घेतं. पोटात काही नसेल तर हातापायात गोळे आधी येतात. हे आम्हाला पाठ होतं. दोघांनाही.

त्या वर्षी आम्ही एकदमच सुट्टीवर आलो. नवरात्राच्या सातव्या माळेला मी त्याच्या गावी मुक्कामाला गेलो. त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं आणि त्यासाठी त्याने देवीला बोलून ठेवलं होतं. नऊ दिवस निव्वळ पाण्यावर. आईला सांगितलं होतं, केळी खातो म्हणून.

आठव्या माळेला सकाळी सहाला तो भरतीच्या पोरांना घेऊन आठ किलोमीटर पळून आला. मी म्हटलं, "अरे येड्या, मरशील."

"लय झालं तर चक्कर येईल," तो म्हणाला. "तू उस्ताद नको होऊ रे. सुट्टी हाय."

मी हसलो. हसलोच.

अकराच्या सुमाराला आम्ही बांधाने चाललो होतो. शेजारच्या मळ्यात कांद्याच्या लागणीला बायका लावलेल्या. एकदम आरडाओरडा झाला. मंगल नावाची बाई, पंचविशीची, हात धुवायला शेततळ्याच्या कडेला वाकली आणि घसरून आत गेली होती.

ज्यांनी शेततळं जवळून पाहिलं नसेल त्यांना सांगतो. ते तळं नाही, तो सापळा आहे. चारी बाजूंनी उतार, उतारावर प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. खोली वीस फूट. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला काठ असतो. इथे धरायला काडी नाही. पोहणारा माणूस कडेपर्यंत येतो, वर चढायला हात टाकतो आणि घसरून पुन्हा आत जातो. असं चार-पाच वेळा झालं की संपला.

साहेबराव माझ्याआधी पोहोचला. उतारावरून बसकण मारून सरळ आत. मंगलला मागून धरून त्याने तिचं तोंड वर काढलं आणि ओरडला, "दत्तू, तू उतरू नको! दोर!"

बरोबर होतं ते. दोघं आत अडकले तर तिघं मेले. पण दोर नव्हता. एवढ्या मोठ्या मळ्यात, एवढ्या पाण्याच्या कडेला, एक दोर नव्हता! कडेला ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पडलेलं. मी नळी दुहेरी केली, मोटारीच्या लोखंडी अँगलला बांधली आणि फेकली. त्यात सात-आठ मिनिटं गेली. तेवढा वेळ त्याने तिला पाण्यावर धरून ठेवलं. मग नळी तिच्या काखेखालून घातली आणि खालून रेटा दिला. मी आणि चार बायकांनी तिला वर ओढली. ती जिवंत होती, खोकत होती.

नळी परत फेकली. त्याच्या हातात पडली.

"धर!"

"बोटं मिटत नाय रे, दत्तू."

आवाज अगदी साधा होता. मी नळी कमरेला बांधून आत घसरलो तोवर तो खाली गेला होता. पाणी हिरवंगार, हातभर अंतरावरचं दिसेना. चौथ्या बुडीला त्याचा शर्ट हाताला लागला. वर काढून छाती दाबत राहिलो, गाडी येईपर्यंत, गाडीतही. १२४० ला डॉक्टरांनी माझा हात धरून थांबवला.

मी त्याचा बडी होतो. त्या सकाळी त्याने खाल्लं नव्हतं हे मला माहीत होतं. त्याच्या आईने विचारलं, "माझ्या लेकराच्या पोटात काही होतं का रे?" मी म्हणालो, "होतं, मावशी. केळी खाल्ली होती." आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोललो नाही.

दहाव्याला लोक काय म्हणाले? "पट्टीचा पोहणाराच बुडतो." अरे, ही म्हण ज्याने काढली त्याला एकदा त्या कागदावर चढून दाखवायला सांगा! पोहणारा मस्तीने नाही बुडला. दोर नव्हता आणि पोट रिकामं होतं, म्हणून बुडला. गावाच्या स्मारकावर त्याचं नाव लावा म्हटलं तर पुढारी म्हणाले, "तो ड्युटीवर नव्हता." तिला सोडून दिलं असतं तर गडी आज पेन्शन खात असता. ती ड्युटी नव्हती तर काय होतं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

रिटायर झालो तसा मोटारसायकलला नायलॉनचा दोर बांधून मळ्यामळ्याने फिरायला लागलो. हातभर अंतरावर गाठ, खाली जुने टायर, वर पक्का खुंटा. प्रत्येक तळ्याला चारी कोपऱ्यांत चार. एक बागायतदार म्हणाला, "सुभेदार, टायरने माझा कागद फाटंल."

"कागद चिकटवता येतो," मी म्हणालो आणि खुंटा ठोकला.

साहेबरावाच्या गावच्या एका भल्या शेतकऱ्याने तळं दिलं, तिथे दर रविवारी बायकांना पोहायला शिकवतो. पाठीला पाच लिटरचे रिकामे कॅन. मंगल पहिल्या दिवसापासून येते, पण कित्येक महिने ती कुंपणाच्या आत आलीच नाही. नियम एकच. दोन तास आधी पोटभर खाऊन यायचं. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडं. घरच्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या अंगात पाणी कापायला बळ कुठून येणार? नवऱ्यांना हे झोंबलं. झोंबू दे. रमजानमध्ये मालेगावहून येणाऱ्या दोघी काठावर बसून दोर फेकायला शिकल्या. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

कुरकुर नवरात्रात झाली. गेल्या वर्षी रविवार नेमका आठव्या माळेला आला. अकरा जणी आल्या, अकराही उपाशी, आणि मंगल सोडून सगळ्यांना पाण्यात जायचं होतं. मी म्हणालो, "काठावर बसा." एकीचा सासरा बरोबर आला होता. तो भडकला. "देवीच्या उपासाला नावं ठेवतो? लय शहाणा झाला का?"

"उपासाला नाही ठेवत. उपाशी पाण्यात जायचं नाही एवढंच म्हणतो. हवं तर देवीला मी जाब देईन."

तो आणखी काही बोलणार तोच मागून साहेबरावाची आई आली. डोक्यावर पाटी. वय झालंय, पण ऑपरेशन केलेल्या डोळ्याने तिला लख्ख दिसतं. पाटी तिने कुंपणाबाहेर खाली ठेवली. भाकऱ्या, पिठलं, केळी.

"मावशी, तुम्ही कशाला..."

"गप बस, दत्तू. केळी खाल्ली म्हणालास ना मला? त्या दिवशी फणी मीच आणली होती. बारा होती. संध्याकाळी बाराच होती."

 इतकी वर्षं तिला माहीत होतं.

ती बायकांकडे वळली. "माझ्या लेकाने माझ्या डोळ्यासाठी उपास धरला आणि त्याच डोळ्याने मी त्याला लाकडावर पाहिला. देवीला मी सांगून आलेय. आता बसा आणि जेवा."

सगळ्यात आधी मंगल बसली. तिने भाकरी मोडली. मग दुसरी, मग तिसरी. तिघी तेवढ्या नाही बसल्या. त्यांनी दोर धरला. सासरा कुंपणाशी उभा राहिला, पण गेला नाही.

दोन तासांनी मंगल पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आली.  मी विचारलं, "खाल्लं?" ती म्हणाली, "त्यांच्या आईच्या हातचं." ती उतरली. पाठीला कॅन बांधून, इतके महिने कुंपणाबाहेरून बघितलेले हातपाय मारत तळं आडवं पार केलं, दोर धरला आणि गाठी गाठीने, कुणाचा हात न धरता, त्या कागदावरून चढून वर आली.

मावशी तिला पदराने पुसायला लागली. "साहेबराव," तिने हाक मारावी तसं म्हटलं, तळ्याकडे बघून, "ही बघ आली रे वर."