दाण्याचा आवाज

शिक्रापूरच्या चौकात वाहनं तुंबली की कुणालाच कुठं जाता येत नाही. परवा अशीच एसटीतून उतरून कडेकडेनं चालत होते. ट्रकांचा धूर, तापलेलं रबर, वड्यांच्या तेलाचा दर्प, या सगळ्यांतून वाट काढत एक गडद, किंचित कडवट, उबदार वास अंगावर आला आणि पाय आपोआप थांबले. कॉफीचं नवं दुकान होतं. मांडणीवर रंगीत पाकिटं, त्यांवर डोंगर, धुकं, हत्ती. विक्रीला उभ्या असलेल्या मुलीनं एक पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं, "मॅडम, वास घेऊन बघा ना." मी वास घेतला, डोळे मिटले, आणि निमोण्याच्या एका अंगणात जाऊन पोहोचले.

निमोण्याच्या शाळेत शिकवत असताना मी एका घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकांना सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही. त्यांचे आजोबा मेंढरांमागे गावोगाव चालले, वडिलांनी जमीन धरली, आणि मामांनी धरला ट्रक. उभं आयुष्य त्यांनी शिरूरचा कांदा बेंगळुरूला नेला. परतीच्या एका खेपेला चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी खळ्यावर वाळणारी कॉफी पाहिली, तिथल्या राखणदारानं दिलेला पेला प्यायला, आणि चहावर जगणाऱ्या गावातला हा एक माणूस कायमचा कॉफीचा झाला. मामी मात्र पक्क्या चहावाल्या. "माझी सवत हाय ती," असं कॉफीकडे बोट करून त्या म्हणायच्या, आणि मामा गालात हसायचे.

कॉफी कशी घ्यावी हे मला मामांनी शिकवलं. ते कच्चे, हिरवट-करडे दाणेच आणायचे. "भाजलेली कॉफी म्हंजी कापलेलं कलिंगड, बाई. आज हाय तवर गोड. कच्चा दाणा वरीसभर ऱ्हातो, आन् सस्तातबी येतो." दाणे एकसारखे, चकचकीत असले की दर चढतो, लहानमोठे मिसळलेले असले की उतरतो. मामा नेमके तसलेच उचलायचे. "जिभंला काय डोळं असत्यात व्हय?" भाजलेली घ्यायचीच वेळ आली, तर पाकिटावरचं चित्र सोडून मागची भाजल्याची तारीख वाचायची, आणि पंधरवड्यापुरतीच घ्यायची. दर रविवारी सकाळी अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढई चढायची. कोवळं ऊन, मेथीच्या वाफ्यांवरून येणारा गार वारा, कढईतून उडणारी सोनेरी फोलपटं, आणि हळूहळू साऱ्या आळीवर पसरत जाणारा तो सुगंध. मी खोलीच्या उंबऱ्यावर वह्या तपासत बसलेली असायचे. एकेका वहीवर किती वेळ जायचा, कोण जाणे.

मग साथीची ती वर्षं आली. मामांना ताप आला, आठवड्यात उतरलाही. सगळं पूर्ववत झालं असं आम्हाला वाटलं. एका रविवारी मात्र अंगणातून काळा, घशाला झोंबणारा धूर आला. मामी घरातून धावत आल्या, "अवो, समदं जळालं की!" मामा कढईपुढं उभे राहून शांतपणे कोळसा झालेले दाणे हलवत होते. त्यांनी वर पाहिलं. घाटात ब्रेक लागत नसल्याचं कळलेल्या माणसाचा चेहरा असावा, तसा तो चेहरा होता. "मला कळलंच न्हाई," एवढंच म्हणाले.

वास तापातच गेला होता. तीन महिने रंगाच्या अंदाजानं भाजत त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कढई माळ्यावर गेली. मामींनी पुढं केलेला चहा ते निमूट प्यायला लागले. "कायबी प्या, गरम पाणीच," असं एकदा पुटपुटले. सवत गेली म्हणून मामींनी खरं तर सुखावायचं. पण त्यांचंच जेवण कमी झालं.

दौंडला स्टेशनच्या बाजूला एका दाक्षिणात्य बाईंचं लहानसं दुकान होतं. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर तरुणपणी आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्या कच्चे दाणे ठेवतात असं मला कळलं होतं. "मला घ्यायचेत, पण पारख नाही, चला," असं म्हणत मी मामांना स्कूटरवर बसवलं. न्हावरा, केडगाव, चौफुला मागं पडत गेलं. दोन्ही बाजूंना उसाचे फड. एका गुऱ्हाळापाशी मी गुळाच्या वासाबद्दल काही बोलणार होते, ते गिळलं. मागून मामांनीच विचारलं, "धूर दिसतोय. वास येतोय का तुम्हाला?"

"येतोय."

"कसा?"

मी नुसताच स्कूटरचा वेग कमी केला. वास कसा येतो, हे मला आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानात दोन पोती उघडी होती. बाई म्हणाल्या, "हुंगून बघा." मामा पोत्यापाशी वाकले. "मला वास येत न्हाई आता," ते म्हणाले. परक्या माणसापुढं हे ते पहिल्यांदाच बोलत होते. मग त्यांनी एका पोत्यातले दाणे मुठीत घेतले, मूठ कानाशी नेली, हलवली. दुसऱ्या पोत्यातले घेतले, पुन्हा हलवली. एकेक दाणा दाढेखाली धरून पाहिला. "ह्यो दमट हाय, आवाज बसलाय त्येचा. त्यो खणखणीत हाय. त्यो घ्या." तो खणखणीत दाणा दोन्हींत स्वस्त होता, लहानमोठा, रूपाला डावा. दुकानवाल्या बाई मोठ्यानं हसल्या. "मी पण घरी तोच पिते!" कितीतरी दिवसांनी मामा हसले.

रविवारी कढई माळ्यावरून उतरली. "बाई, तुम्ही वास सांगा. मी आवाज ऐकतो." मी चुलीपाशी बसले आणि शब्द शोधू लागले. आधी ओला कडबा. मग तोच कडबा उन्हात वाळलेला. मग तव्यावर भाकरी उलथली की येतो तो वास. आणि मग, त्या दिवशी वाटेत न सांगता आलेला, गुऱ्हाळातल्या काहिलीत उतू आलेल्या रसाचा. इतक्यात दाणे लाह्यांसारखे तडतडले, मामांनी कान टवकारून दहा-वीस श्वास मोजले आणि कढई उतरवली. रंग अचूक साधला होता.

दाणे दोन दिवस मुरू दिले. मग कॉफी झाली. पहिला घोट घेऊन मामांनी डोळे मिटले. मामींनी हळूच विचारलं, "आला का वो वास?"

"आला की," मामा म्हणाले.

तो आला नव्हता. ते मला कळलं, आणि मामींनाही.  आपल्या चहाचा कप बाजूला सारून त्यांनी मामांच्या पेल्यातली अर्धी कॉफी बशीत ओतून घेतली.

असे पुष्कळ रविवार गेले. माझी शिरूरला बदली झाली. मामांचा वास अखेरपर्यंत परतला नाही, पण कढई थांबली नाही. गेल्या थंडीत मामा गेले. महिन्याभरानं मी मामींना भेटायला गेले, तर अंगणात चूल पेटलेली आणि मामी कढईत दाणे हलवत बसलेल्या. मी शेजारी टेकले.  मग कढईवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "सांगा की बाई, कसा येतोय वास ते. मला येतोय, पर तुमच्या तोंडून ऐकायची सव लागलीया."

मी सांगत राहिले. वासाइतकं अल्पायुषी दुसरं काही नसेल. वारा फिरला की संपला. डोळ्यांनी पाहिलेल्याची छायाचित्रं उरतात, कानांनी ऐकलेलंही साठवता येतं, वासाला मात्र कुठंच घर नाही. तरी त्या सकाळी वाटलं, एका माणसाला तो कळावा म्हणून दुसऱ्यानं धडपडत, चुकतमाकत शोधलेले दोन शब्द, एवढंच त्याचं घर असावं. त्या घरात राहणारा माणूस निघून जातो, आणि तिथं कुणीतरी चूल पेटवत राहतं.