पालथं माप

आमचे शेजारी रेल्वेतून पेन्शनीत निघाले आणि त्यांना जुन्या भांड्यांचं वेड लागलं. रविवार आला की पळसदरीकडच्या गावांत हिंडायचे. बदल्यात द्यायची जर्मनची नवी पातेली माझ्या डोक्यावर. हवी ती वस्तू ते कधी सरळ मागत नसत. आधी फुटक्या रांजणाची चौकशी करत, मग सहज म्हणत, "ते कोपऱ्यातलं नुसती अडगळ आहे. काय समजलात?"

एका घरात त्यांनी शेराचं पितळी माप हेरलं. म्हातारी देईना. म्हणाली, "लगीन झालं तवा ह्येच वलांडून मी घरात आले, भाऊ. ह्ये नाय द्यायचं." पण सुनेचं मन पातेल्यावर बसलं होतं. शेवटी म्हातारीनं मापात मूठभर तांदूळ घातले, कारण घरातलं माप रिकामं देत नाहीत, आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

या गृहस्थांनी ते तिच्यादेखत पालथं केलं! तळाची खूण बघायला. तांदूळ अंगणभर झाले. ती वेचायला बसली, तर म्हणतात, "राहू द्या हो, कोंबड्या खातील." थोबाडीत द्यायला माझे हात शिवशिवले.

काल त्यांच्याकडे चहाला गेलो. कपाटात माप पालथंच. मी उठून सुलटं केलं. त्यांनी तरातरा येऊन पुन्हा पालथं घातलं.

"खूण दिसायला हवी. काय समजलात?"

"समजलो," मी म्हणालो, "रविवारची पातेली आता तुमची तुम्ही वाहा." आणि चहा तसाच ठेवून उठलो.